मनोरा मुका झाला. आता आकाशाचा धनी कोण?

६ ऑक्टोबर २०२५ रोजी सायंकाळी सव्वाचार वाजता अमेरिकेतील बरबँक विमानतळाचा नियंत्रण मनोरा ओस पडला. लॉस एंजेलिस महानगराला खेटून, हॉलिवुडच्या दाराशी असलेला हा विमानतळ म्हणजे काही आडरानातली धावपट्टी नव्हे. मनोऱ्याला आग लागली नव्हती, धरणीकंप झाला नव्हता, शत्रूचे विमान डोक्यावर आले नव्हते. मनोऱ्यात बसावयास माणसे नव्हती, एवढेच. रात्री दहापर्यंत, म्हणजे तब्बल पावणेसहा तास, ज्या काचेच्या खोलीतून एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावयाची, ती खोली रिकामी राहिली. दिवस मावळला, दिवे लागले. विमाने येतच होती आणि जातच होती. त्यांना सरासरी अडीच तासांचा उशीर झाला. कोणास इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी जगभर बातमी गेली ती त्या उशिराची, आणि राज्याचे गव्हर्नर व वॉशिंग्टनमधले सत्ताधारी यांच्यात खापर कोणाच्या डोक्यावर फोडावयाचे याचीच चढाओढ लागली. आमच्या मते त्या रात्रीची खरी बातमी उशिराची नव्हतीच. उशीर झाला हीच तर त्या रात्रीतली एकमेव शहाणपणाची गोष्ट होती!

घडले ते असे. अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, सरकारी खर्चास मंजुरी न दिल्यामुळे १ ऑक्टोबरपासून केंद्र सरकारचे व्यवहार ठप्प झाले होते. अशा वेळी ज्या नोकरांवाचून गाडा चालतच नाही त्यांना कामावर यावेच लागते. पगार मात्र मिळत नाही. विमान वाहतूक नियंत्रक हे त्यांपैकीच. हजेरी सक्तीची आणि पगार उधारीचा, असा हा न्याय! थकलेला पगार पुढे मिळतो हे खरे. पण घरमालक आणि दूधवाला ‘पुढे’ हा शब्द ऐकून घेत नाहीत. मुळात त्या देशात नियंत्रकांची संख्या गरजेपेक्षा सुमारे तीन हजारांनी कमी आहे, आणि आठवड्यास सहा दिवसांची पाळी कित्येकांच्या कपाळी आधीपासूनच आलेली आहे. अशा ताणलेल्या दोरीला सहाव्या दिवशीच बरबँक येथे गाठ सुटल्यासारखे झाले, यात नवल ते काय? ही ठप्प अवस्था पुढे १२ नोव्हेंबरपर्यंत, ४३ दिवस चालली. अमेरिकेच्या इतिहासात इतका काळ ती पूर्वी कधीच चालली नव्हती.

तेव्हा प्रश्न असा की, मनोरा अचानक मुका झाला, तर त्याच्या भोवतालच्या आकाशाचा धनी कोण? तेथे कोणाचा हुकूम चालावयाचा?

मनोरा नाही तेथे विमान उतरूच शकत नाही, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. अमेरिकेत विमाने उतरण्याच्या लहानमोठ्या सुमारे वीस हजार जागा आहेत. त्यांपैकी नियंत्रण मनोरा असलेल्या पाचशेच्या आसपास. उरलेल्या ठिकाणी वैमानिक आपापसांत बोलून वाहतूक चालवितात. त्यांनी सर्वांनी रेडिओची एकच सामायिक फ्रिक्वेन्सी लावावयाची. विमानतळ दहा मैलांवर आला की आपण कोण, कोठे आहोत, काय करणार आहोत हे सर्वांस ऐकू जाईल असे सांगावयाचे. अन्यथा सूचना नसेल तर डावी वळणे घेत धावपट्टीला वळसा घालावयाचा आणि क्रमाने उतरावयाचे. दोन विमाने एकदमच उतरू पाहत असतील तर जे खाली आहे त्याचा मान पहिला. पण केवळ हा मान मिळावा म्हणून दुसऱ्याच्या पुढ्यात घुसावयाचे नाही, असेही कायद्याने लगेच बजावून ठेविले आहे. (मुंबईच्या रस्त्यांवर हे कलम कोणी लावून दाखवील काय?) रात्री वैमानिकाने आपल्या मायक्रोफोनची कळ पाच सेकंदांत तीन, पाच किंवा सात वेळा दाबली, की कित्येक ठिकाणी धावपट्टीचे दिवेसुद्धा आपोआप लागतात. खाली जमिनीवर एकही माणूस जागा नसताना अंधारातून दिव्यांची ओळ उजळते. ही व्यवस्था साधी आहे, स्वस्त आहे, आणि एरवी उत्तम चालते.

इतकेच नव्हे, तर शेकडो मनोरे रोज रात्री ठरल्या वेळी बंद होतात आणि सकाळी उघडतात. मनोरा चालू असताना भोवतालची चारपाच मैलांची आणि सुमारे अडीच हजार फूट उंचीची हवाई हद्द बहुधा ‘डी’ वर्गात मोडते. तीत शिरण्यापूर्वी नियंत्रकाशी दुतर्फा बोलणे झालेच पाहिजे, असा दंडक आहे. मनोरा बंद झाला की तीच हद्द ‘ई’ किंवा ‘जी’ या सैल वर्गात जाते, आणि वर सांगितलेला आपसांतल्या बोलण्याचा कारभार सुरू होतो. मग बरबँकच्या सहा तासांचा एवढा बाऊ कशाला, असे कोणी विचारील. रोज रात्री जे शेकडो ठिकाणी घडते ते एका ठिकाणी संध्याकाळी घडले, इतकेच ना?

इतकेच नाही. सारा फरक एका शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘आगाऊ’. अमेरिकेच्या नियमावलीत अशा अर्धवेळ हद्दींच्या वर्णनाखाली एक ठरावीक वाक्य असते: ही हद्द, वैमानिकांसाठी आगाऊ प्रसिद्ध केलेल्या सूचनेत दिलेल्या तारखांना व वेळांना अमलात राहील. म्हणजे हद्दीचे रूप पालटावयाचे ते घड्याळाने आणि कागदाने. मनोऱ्यातला माणूस उठून गेला म्हणून कायद्यातली हद्द आपोआप उठून जात नाही. उलट, दुसऱ्या एका कलमात बोलण्याचे बंधन घातले आहे ते ‘कार्यरत’ मनोरा असलेल्या विमानतळापुरते. आता आगाऊ सूचना निघालेली नाही, नकाशावर मनोरा चालू आहे, आणि प्रत्यक्षात तेथे चिटपाखरू नाही; अशा वेळी तो मनोरा कार्यरत म्हणावयाचा की नाही? हद्द ‘डी’ म्हणावयाची की ‘ई’? शब्दच्छलाची हौस असलेल्या वकिलास यावर आठवडाभर बोलता येईल. विमानातल्या वैमानिकापाशी मात्र काही मिनिटांचाच अवकाश असतो.

त्याच्या जागी क्षणभर बसून पाहावे. चार आसनी लहान विमान, इंधन हिशेबापुरते, सूर्य कलता. तो मनोऱ्याला हाक मारतो, उत्तर नाही. पुन्हा हाक मारतो, उत्तर नाही. आपला रेडिओ बिघडला की मनोरा? रेडिओ बिघडला असेल तर मनोऱ्यातून दाखविल्या जाणाऱ्या रंगीत प्रकाशाच्या खुणा पाहून उतरावे, असा एक नियम आहे. पण खुणा दाखविणारा हात तरी तेथे हवा! हद्द अजून ‘डी’ असेल तर उत्तरावाचून आत शिरणे हा गुन्हा. हद्द सैल झाली असेल तर शिरणे रास्त; पण मग सामायिक फ्रिक्वेन्सीवर आपले ठिकाण सांगणे हे त्याचे कर्तव्य. आणि समजा, त्याने हा दुसरा अर्थ धरला, व समोरून येणाऱ्याने पहिला अर्थ धरून, मनोरा बोलेल म्हणून नुसते ऐकत राहणे पसंत केले, तर एकाच आकाशात दोघे दोन निरनिराळे कायदे पाळत असतील. दोघेही प्रामाणिक, दोघेही सावध, आणि दोघांचाही समज वेगळा. यापरते धोक्याचे दुसरे काय असू शकते?

बरबँक येथे हा पेच सुटला तो एका योगामुळे. बरबँकची हद्द ‘सी’ वर्गाची आहे, आणि अशा हद्दीभोवती दूरवरच्या विमानांना रांगेत आणणारा एक वेगळा ‘अ‍ॅप्रोच’ कक्ष असतो. दक्षिण कॅलिफोर्नियाचा हा कक्ष शंभराहून अधिक मैल दूर, सॅन डिएगो येथे आहे. त्याने बरबँकचा भार उचलला. पण त्याच्या हाती काय आहे ते समजून घेतले पाहिजे. त्याच्या पडद्यावर आकाशातले विमान दिसते. धावपट्टीच्या टोकाशी उभे असलेले विमान, दिवा दुरुस्त करावयास निघालेली गाडी किंवा वाट चुकलेला टँकर त्याला मनोऱ्यातल्या माणसाप्रमाणे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून तो एका विमानाला वाट देतो, ते सुखरूप टेकल्याची किंवा निघून गेल्याची खात्री पटेपर्यंत दुसऱ्याला थांबवितो. हाच तो अडीच तासांचा उशीर. जे डोळ्यांना दिसत नाही ते वेळ देऊन विकत घ्यावयाचे, हा यातला खरा व्यवहार आहे. २०२० च्या मार्चमध्ये महामारीच्या पहिल्या लाटेत शिकागोच्या मिडवे आणि लास वेगासच्या विमानतळांचे मनोरे असेच अवचित रिकामे करावे लागले, तेव्हाही वाहतूक तगली ती जवळच्या कक्षांनी भार वाहिला म्हणूनच. परंतु जेथे असा कक्ष नाही, किंवा असूनही त्याचा रडार आणि रेडिओ डोंगराआड जमिनीपर्यंत पोहोचत नाही, अशा लहान विमानतळांचे काय? तेथे उरते ती सूचना, आणि वैमानिकाचे शहाणपण.

सूचनेची कथा आधी ऐकावी. या सूचनांना वैमानिकांच्या जगात ‘नोटॅम’ म्हणतात. धावपट्टी खणली आहे, दिवे गेले आहेत, मनोरा बंद आहे, हे सारे नोटॅमने कळावयाचे. ११ जानेवारी २०२३ रोजी ही नोटॅमची यंत्रणाच कोलमडली. देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसांकडून काही फायली पुसल्या गेल्या, आणि अख्ख्या अमेरिकेतील प्रवासी विमानांची उड्डाणे सुमारे दीड तास थांबवावी लागली. ज्या खांबावर कायद्याचे छप्पर उभे आहे तो खांब एवढा पोकळ! याच नोटॅमचे लांबलचक नाव मात्र सरकारने २०२१ मध्ये बदलले आणि २०२५ मध्ये पुन्हा पूर्ववत केले. वैमानिक या शब्दात केवळ पुरुष येतात की काय, हा त्यातला वाद. वाद क्षुल्लक होता असे आम्ही म्हणणार नाही. पण नावाची पाटी दोनदा रंगविण्यास ज्यांना सवड मिळाली, त्यांना पाटीमागची भिंत तपासावयास मिळू नये, याची मौज वाटते.

आता वैमानिकांचे शहाणपण. ते कसोटीला उतरल्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. २३ मार्च २०११ रोजी मध्यरात्री उलटून गेल्यावर, खुद्द अमेरिकेच्या राजधानीतील नॅशनल विमानतळाच्या मनोऱ्यातून उत्तर येईनासे झाले. आत एकच पर्यवेक्षक होता. सलग चौथ्या रात्रपाळीला तो झोपी गेला होता. दोन प्रवासी विमाने डोक्यावर आली होती. ‘अ‍ॅप्रोच’ कक्षाशी बोलत, आपले ठिकाण सामायिक फ्रिक्वेन्सीवर पुकारीत, ती दोन्ही सुखरूप उतरली. गदारोळ झाला, रात्री एकट्या माणसावर मनोरा सोपविण्याची पद्धत बंद करण्यात आली. राष्ट्राध्यक्षांच्या निवासापासून हाकेच्या अंतरावर हे घडले नसते, तर ती इतक्या लवकर बंद झाली असती काय, हे ज्याने त्याने ठरवावे.

परंतु शहाणपण हरल्याचेही उदाहरण आहे, आणि ते विसरता येण्यासारखे नाही. १९ नोव्हेंबर १९९६. इलिनॉय राज्यातील क्विन्सी गावचा विमानतळ. तेथे मनोरा नव्हताच. तिन्हीसांजेची वेळ. दहा प्रवासी आणि दोन वैमानिक असलेले बीच बनावटीचे एक विमान उतरावयास येत होते. दुसऱ्या, छेद देणाऱ्या धावपट्टीच्या टोकाला एक किंग एअर विमान उड्डाणाच्या तयारीत होते, आणि त्याच्या मागे एक लहान चेरोकी. येणाऱ्या विमानातून पुन्हा पुन्हा पुकारा झाला, आणि शेवटी विचारणाही झाली: धावपट्टीवरचे विमान थांबणार आहे ना? उत्तर आले, पण ते मागच्या चेरोकीकडून. त्यातले काही शब्द विमानातल्याच एका यांत्रिक इशाऱ्याच्या आवाजात बुडून गेले. उतरणाऱ्यांना वाटले, किंग एअरनेच थांबण्याचा शब्द दिला. किंग एअरने तसा शब्द दिलाच नव्हता. ते धावू लागले. दोन्ही विमाने त्या छेदावर एकमेकांवर आदळली. चौदाच्या चौदा माणसे गेली. प्रवासी विमानातली बरीच माणसे धडकेतून वाचली होती. पण दार उघडले नाही, आणि आग व धूर आत आला. तपासात किंग एअरच्या वैमानिकांनी रेडिओ नीट ऐकला नाही व नजर नीट फिरविली नाही, असा निष्कर्ष निघाला. चेरोकीच्या उत्तराने गैरसमजात भर पडली, असेही नोंदले गेले. नियम सर्व होते, रेडिओ चालू होते, पुकारेही झाले होते. नव्हता तो एकच माणूस: दोन्ही धावपट्ट्या एकाच दृष्टिक्षेपात पाहून “थांबा” म्हणणारा.

बरबँकच्या धावपट्ट्याही एकमेकींना छेदतात, हे आम्ही वर सांगितले ते उगाच नव्हे.

क्विन्सी येथे वैमानिकांना निदान हे ठाऊक होते की, येथे मनोरा नाही. आपणच आपले रखवालदार. जेथे रोज मनोरा बोलतो तेथली सवय वेगळी असते. रोज ज्याचा हात धरून चालावयाचे तो हात एकाएकी सुटला, तर आंधळ्यापेक्षा डोळस माणूसच आधी ठेचकाळतो. म्हणून अवचित बंद पडलेला मनोरा हा मुळात नसलेल्या मनोऱ्यापेक्षा अधिक धोक्याचा असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. नियमकर्त्यांनी मात्र या दोहोंना एकाच मापाने मोजले आहे.

अमेरिकेला हे सांगावे लागावे, याचे दुःख अशासाठी की, आकाशाची जबाबदारी राज्याची आहे हा धडा त्या देशाने फार मोठी किंमत मोजून शिकला होता. ३० जून १९५६ रोजी ग्रँड कॅन्यनच्या वर, कोणाचेही नियंत्रण नसलेल्या आकाशात, दोन मोठी प्रवासी विमाने एकमेकांवर आदळली आणि १२८ जीव गेले. त्यानंतर १९५८ चा हवाई वाहतूक कायदा झाला आणि आजच्या ‘एफएए’ची, म्हणजे त्या देशाच्या विमान वाहतुकीच्या सरकारी यंत्रणेची, स्थापना झाली. पुढे १९८१ च्या ऑगस्टमध्ये नियंत्रकांनी संप पुकारला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ११ हजारांहून अधिक नियंत्रकांना दोन दिवसांत बडतर्फ केले. जनतेच्या सुरक्षिततेचे काम करणाऱ्यांना काम थांबविण्याचा अधिकार नाही, हा त्या कठोरपणामागचा युक्तिवाद. युक्तिवाद मान्य करू. मग ज्यांना काम थांबविण्याचा अधिकार नाही त्यांचे वेतन थांबविण्याचा अधिकार तरी सरकारला कोणी दिला? नियंत्रकाने खुर्ची सोडली तर तो अपराध, आणि सरकारने त्याची शिदोरी हिरावली तर ते संसदीय डावपेच! २०१९ च्या जानेवारीतही, ३५ दिवसांच्या अशाच ठप्प अवस्थेत, नियंत्रक कमी पडून न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाची वाहतूक अडली, आणि त्याच दिवशी राजकारण्यांना तडजोड सुचली. या अनुभवानंतरही बरबँक घडले.

यावर उपाय नाही असे नाही. ‘एफएए’पाशी आणीबाणीच्या योजना आहेत, सेवा पूर्णपणे बंद पडल्याच्या स्थितीला ‘एटीसी झीरो’ असे नावही आहे. परंतु त्या योजना मुख्यतः कार्यालयांसाठी. वैमानिकाच्या हातातील पुस्तकात तितकेच निःसंदिग्ध एक कलम हवे. आगाऊ सूचनेवाचून मनोरा बंद पडला तर हद्दीचा वर्ग तसाच राहील. तिची किल्ली आपोआप जवळच्या ‘अ‍ॅप्रोच’ कक्षाकडे जाईल. त्याच्या परवानगीवाचून नियमित प्रवासी विमान उतरणार वा उडणार नाही, आणि तेही एका वेळी एकच. लहान विमानांनी, अडचणीत नसतील तर, दुसरा विमानतळ गाठावा. आणि मनोऱ्याच्या फ्रिक्वेन्सीवर निदान एक ध्वनिमुद्रित वाक्य सतत ऐकू यावे की, येथे आता कोणी नाही. निःशब्दतेचा अर्थ लावण्याची पाळी वैमानिकावर येता कामा नये. विमान कंपन्या म्हणतील, यात उड्डाणे रखडतील, तोटा होईल. होऊ द्या. तो तोटा डोळ्यांना दिसेल, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या तोट्याची बिले वॉशिंग्टनला लवकर समजतात.

आपण हे सारे दूरची गंमत म्हणून वाचू नये. आपल्या नियंत्रकांचे वेतन विमानतळ प्राधिकरण स्वतःच्या उत्पन्नातून देते. संसदेतल्या भांडणामुळे मुंबईचा मनोरा ओस पडण्याची भीती नाही, ही आपली जमेची बाजू. पण मनोरा मुका होण्याची कारणे अनेक असतात. बरबँकनंतर एका महिन्यातच, ६ व ७ नोव्हेंबर २०२५ रोजी, दिल्लीच्या विमानतळावर उड्डाणांचे संदेश आपोआप पोहोचविणारी यंत्रणा बिघडली आणि नियंत्रकांना ते काम हाताने करावे लागले. आठशेहून अधिक उड्डाणे रखडली. बरबँक येथे यंत्रे होती, माणसे नव्हती. दिल्लीत माणसे होती, यंत्र रुसले होते. माणसांनी वेग कमी करून वेळ निभावली, हे त्यांना भूषणावह आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. एकाच महानगराच्या आकाशात आता दोन मोठी विमानतळे शेजारी नांदत आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या अकराव्या परिशिष्टाप्रमाणे, सेवा खंडित झाल्यास काय करावयाचे याची योजना तयार करून ती जाहीर करणे हे प्रत्येक सदस्य राष्ट्राचे कर्तव्य आहे, आणि भारत त्या राष्ट्रांपैकी एक आहे. सांताक्रूझचा किंवा पनवेलकडचा मनोरा एखाद्या पावसाळी रात्री अवचित गप्प झाला, तर वरच्या विमानांनी कोणाशी बोलावयाचे, कोठे फिरत राहावयाचे, कोणी आधी उतरावयाचे, याचे उत्तर साध्या भाषेत प्रवाशांसमोर आणि वैमानिकांसमोर मांडावे, अशी आमची नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे मागणी आहे. उत्तर तयार असेल तर ते दाखविण्यास अडचण ती कोणती?

अमेरिकेत १२ नोव्हेंबर २०२५ ला तडजोड झाली, ती बहुतेक खात्यांपुरती ३० जानेवारी २०२६ पर्यंतची. प्रवाशांच्या तिकिटांवरील करातून विमान वाहतुकीसाठी एक स्वतंत्र निधी तेथे १९७० पासून आहे. ठप्प अवस्थेतही नियंत्रकांचे पगार त्यातून द्यावेत, अशी विधेयके २०१९ पासून एकाहून अधिक वेळा काँग्रेसपुढे आली. बरबँकचा मनोरा रिकामा झाला त्या संध्याकाळी त्यांपैकी एकही कायद्याच्या पुस्तकात नव्हते.